संडासाची टाकी दुरुस्त करताना

पावसाळा सरला की घरोघर डागडुजी निघते. त्यात संडासाच्या टाकीचे काम असले, तर आपण ते गवंड्यावर सोपवून मोकळे होतो. वास्तविक हा विषय जितका गवंड्याचा, तितकाच डॉक्टरचा आहे.

सेप्टिक टँकमध्ये मैल्याचा नायनाट होतो, अशी समजूत माझ्याकडे येणाऱ्या शिकल्यासवरल्या मंडळींचीही असते. प्रत्यक्षात टाकीत जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग सायीसारखा वर तरंगतो आणि मधले पाणी पुढे जाते. हे पाणी दिसायला निवळ असले, तरी त्यात कावीळ, विषमज्वर व हगवणीचे जंतू आणि जंतांची अंडी असू शकतात. म्हणून ते उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडावे. शोषखड्डा विहिरीपासून निदान 60 फूट दूर आणि उताराच्या बाजूस असावा. जांभ्या दगडाच्या भेगांतून पाणी झपाट्याने लांबवर जाते, म्हणून तेथे अंतर याहून अधिक ठेवावे.

पाइप बदलताना तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात.

पहिली : टाकीत येणारा पाइप बाहेर जाणाऱ्या पाइपपेक्षा सुमारे 2 इंच उंच हवा. बाहेर जाणाऱ्या पाइपच्या आतल्या टोकाला ‘टी’ बसवून त्याचे खालचे तोंड सायीच्या थराखाली बुडालेले ठेवावे. नाहीतर साय पुढे वाहून शोषखड्डा तुंबतो.

दुसरी : संडासाच्या भांड्याखालील ट्रॅपमध्ये पाणी उभे राहिलेच पाहिजे. टाकीतला वायू घरात येण्यापासून तेच रोखते.

तिसरी : गॅस पाइप छपरापेक्षा उंच न्यावा व त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो. जाळी फाटताच बदलावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. काम कोणतेही असो, टाकीत माणूस उतरवू नका. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. तो गाळात दडून राहतो आणि गाळ ढवळताच एकदम बाहेर पडतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. “आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही,” हे म्हणणे म्हणूनच जीवघेणे आहे. प्रमाण फार असेल तर दोन-चार श्वासांतच माणूस कोसळतो. कंदील किंवा पेटती मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी रीतही धोक्याची आहे. ज्योत विषाची खबर देत नाही आणि टाकीतल्या मिथेन वायूने भडका मात्र उडू शकतो.

नव्या कोऱ्या टाकीलाही हेच लागू आहे. सेंट्रिंगच्या ओल्या फळ्या कुजताना बंद टाकीतला प्राणवायू संपवतात. फळ्या काढायला उतरलेला मजूर त्यामुळे गुदमरतो. त्याला वाचवायला भाऊ उतरतो, मग शेजारी. एका टाकीत दोन-तीन बळी जातात ते असे.

कोणी आत पडलाच, तर मागोमाग उडी घेऊ नका. झाकणे सगळी उघडा, 101 वर अग्निशमन दलाला व 108 वर रुग्णवाहिकेला कळवा. कमरेला दोर असेल तर वरूनच ओढा. बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत निजवा. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी जोरजोराने, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा.

संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून टाकी साफ करून घेणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. असा मृत्यू झाल्यास वारसांना 30 लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये बजावले आहे. पण कायद्याची वेळच का यावी? दर 2-3 वर्षांनी नगरपालिकेची किंवा खाजगी मैला उपसा गाडी बोलवावी, गाळ नळीने उपसून घ्यावा आणि दुरुस्ती शक्यतो बाहेरूनच करून घ्यावी. गाडीचे भाडे जास्त वाटते म्हणून कोणी चार पैशांत उतरायला तयार झाला, तरी त्याला घरमालकानेच नाही म्हणावे.