जन्मसालाची पोर्ट

प्रश्न : लंडनमधल्या सहकाऱ्याला नाताळची भेट म्हणून त्याच्या जन्मसालाची, १९९३ची व्हिंटेज पोर्ट द्यायची आहे. मिळेल का?

उत्तर : कल्पना छान, साल मात्र अडचणीचे. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली नामांकित घराणी दरवर्षी व्हिंटेज जाहीर करत नाहीत. दशकातून साधारण तीनदाच. १९९३चा हंगाम पावसाने बुडवला, लगेच पुढचे १९९४ मात्र गाजले.

हट्ट जन्मसालाचाच असेल, तर कोल्येता शोधावी. ही एकाच सालच्या द्राक्षांची, लाकडी पिंपात किमान ७ वर्षे मुरलेली टॉनी पोर्ट. लेबलावर बाटलीत भरल्याचे सालही असते. उघडल्यावर ती काही आठवडे टिकते. व्हिंटेज पोर्ट बाटलीतच मुरते, म्हणून तळाशी गाळ बसतो. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवायची, अलगद ओतून घ्यायची आणि दोन-तीन दिवसांत संपवायची. एकट्या राहणाऱ्या माणसाला ही भेट नव्हे, कामच!

त्याच्यासाठी मदेरा उत्तम. उष्णतेत मुरवलेली असल्याने उघडलेली बाटलीही महिनोन्महिने बिघडत नाही.

गोव्यात ‘पोर्ट वाइन’ म्हणून मिळणारी स्वस्त, गोड बाटली मात्र या घराण्यातली नव्हे. ती नेऊ नये.