आवडीचे ऑइल मिळेना, तर दुसरे कोणते?



रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात गप्पा रंगतात, त्यांत अलीकडे एक तक्रार वरचेवर कानी येते. "फादर, आम्ही वर्षानुवर्षे वापरत होतो ते सिंथेटिक ऑइल आता दुकानात मिळत नाही. दुकानदार म्हणतो, हे घ्या, तेच आहे. घ्यावे का?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यावर ट्रॅक्टरचे आणि डिझेल पंपाचे आयुष्य अवलंबून असते, आणि पंपावर गव्हाचे पाणी. म्हणून या वेळी हाच पाठ घेऊ.

आधी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या शेतावरील पंपाचे नेहमीचे ऑइल संपले. एका दुकानातून आम्ही ड्रममधले सुटे ऑइल आणले. चिमटीत धरून पाहिले, बोटांना चांगले घट्ट लागले, रंगही सोनेरी होता. आम्ही समाधान पावलो. पुढे ऐन ओंब्या भरण्याच्या दिवसांत इंजिन जाम झाले. मिस्त्रीने खोलले तेव्हा बेअरिंग गेलेले, आणि ऑइल पाण्यासारखे पातळ. दुरुस्तीचा खर्च सोसला, पण चुकलेले पाणी परत मिळाले नाही. त्या वर्षी दाणा बारीकच राहिला. दोष दुकानदाराला देणे सोपे होते. परंतु डब्यावर काय लिहिले आहे हे न वाचता बोटांवर विश्वास टाकला तो आम्हीच.

बोटे का फसतात? थंड ऑइल घट्ट लागणे ही परीक्षाच नव्हे. इंजिनात ऑइल तापते. तापल्यावर ते धातूंच्या मध्ये थर धरून राहते की नाही, हे महत्त्वाचे. ते बोटांना कळत नाही, रंगावरून कळत नाही आणि कंपनीच्या नावावरूनही कळत नाही. ते डब्यावरच्या दोन खुणांवरून कळते.

पहिली खूण : घट्टपणाचा आकडा

डब्यावर एसएई या अक्षरांपुढे १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल कसे वाहते ते सांगतो. तो जितका लहान, तितके ऑइल थंडीत मोकळे. शेवटचा आकडा १०० अंश सेल्सियसला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, ते किती घट्ट राहते ते सांगतो.

आता लक्ष द्या. तुमचे आवडते सिंथेटिक ऑइल ५डब्ल्यू-४० असेल आणि दुकानात १५डब्ल्यू-४० असेल, तर गरम इंजिनात दोन्ही एकाच '४०' च्या मापात बसतात. फरक थंडीचा. १५डब्ल्यू ऑइलची परीक्षा उणे २० अंशांवर घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ वर. आपल्या माळव्यात कडाक्याच्या थंडीतही पारा त्याच्या जवळपास जात नाही. बर्फाळ मुलुखातल्या शेतकऱ्याला जो गुण लागतो, त्यासाठी इंदूरच्या शेतकऱ्याने जादा पैसे मोजावेत असे नाही.

दुसरी खूण : कामाची प्रत

एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, या अक्षरांपुढे सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ असे काही असते. 'सी'ने सुरू होणारी प्रत डिझेल इंजिनाची, 'एस'ने सुरू होणारी पेट्रोलची. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितकी प्रत नवी. सीएफ-४ ही १९९० ची, सीएच-४ ही १९९८ ची, सीआय-४ ही २००२ ची. या रांगेतले पुढचे ऑइल मागच्याच्या जागी चालते. मागचे पुढच्याच्या जागी चालत नाही. पुस्तिकेत सीएच-४ असेल तर सीआय-४ खुशाल घ्यावे, सीएफ-४ घेऊ नये. 'एफए-४' मात्र या रांगेतले नव्हे. ते जुन्या इंजिनात घालू नये.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. अशा ट्रॅक्टरच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असेल, तर कमी राख करणारे ऑइलच लागते. तिथे पुस्तिकेबाहेर जाऊ नये.

मग सिंथेटिकचे काय?

सिंथेटिक हा ऑइल तयार करण्याचा प्रकार आहे. ते उष्णता अधिक सोसते, लवकर बिघडत नाही, थंडीत चटकन वाहते. हे गुण खरे आहेत. परंतु तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत सिंथेटिकच हवे असे लिहिलेले नसेल, तर दोन्ही खुणा जुळणारे साधे ऑइल चालते. अट एकच : सिंथेटिकच्या भरवशावर तुम्ही ऑइल उशिरा बदलत असाल, तर ती सवय सोडावी आणि पुस्तिकेत दिलेल्या तासांना बदलावे. पुष्कळ इंजिने साध्या ऑइलने बिघडत नाहीत, उशिराने बिघडतात.

बदलताना हे पाळावे

१. इंजिन थोडे चालवून कोमट करावे, बंद करून जुने ऑइल पूर्ण काढावे आणि फिल्टरही बदलावा. अडचणीच्या वेळी त्याच खुणांचे दुसरे ऑइल थोडे वरून घातले तर बिघाड होत नाही. पण ती कायमची रीत करू नये.

२. पट्टीवरील दोन रेघांच्या मध्ये ऑइल असावे. जास्त भरणेही वाईटच.

३. नवे ऑइल काही दिवसांत काळे झाले म्हणून घाबरू नये. डिझेल इंजिनाची काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. मात्र ते दुधाळ झाले तर पाणी शिरले आहे, आणि पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळते आहे. ताबडतोब मिस्त्री बोलवावा.

४. गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांचे ऑइल वेगळे असते. ते इंजिनात किंवा इंजिनाचे त्यांत घालू नये. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच फिरतो, म्हणून तिच्या डब्यावर जासो एमए ही खूण पाहावी.

५. सुटे ऑइल घेऊ नये. सीलबंद डबा, तारीख आणि बॅच क्रमांक पाहून घ्यावा व पावती मागावी. रिकामा डबा फोडून टाकावा, नाहीतर तोच नकली माल भरून परत आपल्याच गळ्यात पडतो.

आरोग्याची गोष्ट

काढलेले काळे ऑइल आपल्याकडे बैलाच्या जखमेला लावतात, खुरांना लावतात, कोणी शेकोटीत टाकतात. कृपा करून असे करू नका. त्यात इंजिनात जळून तयार झालेली, कातडीचा कर्करोग करू शकणारी द्रव्ये असतात. शुभवर्तमानातल्या दयाळू शोमरोनी माणसाने जखमेवर तेल ओतले खरे, पण ते इंजिनातले नव्हते! हात साबणाने धुवावेत. ऑइलचे कपडे मुलांच्या कपड्यांत टाकू नयेत. विहिरीजवळ, नाल्यात, उकिरड्यावर ऑइल ओतू नये. याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत घडवली आणि ती जगभर गेली. त्या खताच्या ढिगात आपण विष कालवू नये. जुने ऑइल झाकणाच्या डब्यात साठवून ते अधिकृतपणे गोळा करणाऱ्याला द्यावे.

आणि ऑइलच्या डब्यात गोडेतेल किंवा पिण्याचे पाणी कधीही भरू नये. १९५९ साली मोरोक्को देशातील मेकनेस शहरात विमानाच्या इंजिनाचे सिंथेटिक ऑइल खाण्याच्या तेलात मिसळून विकले गेले आणि सुमारे १०,००० माणसांचे हातपाय लुळे पडले. १९८८ साली कलकत्त्याच्या बेहाला भागात तसेच रसायन मिसळलेल्या खाद्यतेलाने शेकडो लोक पंगू झाले. यंत्राचे तेल यंत्रालाच.

बंधुभगिनींनो, दहा कुमारींच्या दाखल्यात दिवे सर्वांकडे होते. शहाण्या पाच जणींनी तेलाची तजवीज मात्र आधीच केली होती. आपणही पाण्याची पाळी येण्याआधी, याच आठवड्यात, पेटीतली इंजिनाची पुस्तिका बाहेर काढू या. घट्टपणाचा आकडा, कामाची प्रत आणि बदलण्याचे तास, या तीन गोष्टी पंपाच्या खोलीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवाव्यात. पुस्तिका हरवली असेल तर इंजिनावरच्या पट्टीवरील मॉडेलचे नाव उतरवून कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करावी. मग दुकानदाराने "तेच आहे" म्हटले, तर ते खरोखर तेच आहे की नाही, हे डबा उलटून तुमचे तुम्हीच वाचून सांगाल.