सोसायटीचे बिल

आपण सोसायटीत घर घेतो. घराचे पैसे फिटले, की खर्च संपला असे वाटते. पण जिना, गच्ची, पाण्याची टाकी सर्वांची. त्यांचा खर्चही सर्वांचा.

दरमहा बिल येते. ते आपण वाचावे. झाडूवाला, पहारेकरी, जिन्यातला दिवा यांचा खर्च घरटी सारखा. पाण्याचा खर्च नळांवरून ठरतो. मोठ्या दुरुस्तीसाठी ‘सिंकिंग फंड’ असतो. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींप्रमाणे तो घराच्या बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का, दरसाल. म्हणजे १० लाखांना २,५०० रुपये.

आज हा फंड नको म्हटले आणि उद्या स्लॅब गळू लागला, तर एकदम पैसे कोठून आणायचे? म्हणून बिल वेळेवर भरू या. वार्षिक सभेला जाऊन हिशेबही विचारू या. पैसा आपलाच आहे.