बोटात राहिलेला काटा : दिसतो छोटा, पण दुर्लक्ष नको



थंडी पडली की आपल्या वालचंदनगर, इंदापूर, बारामती भागात मुलं बोरीखाली जमतात. कुणी घरच्या डाळिंबाच्या बागेत मदत करतं, कुणी बांधावरची वेडी बाभूळ ओढतं. काटा मोडणं नेहमीचंच. रक्त थांबतं, ठणका कमी होतो आणि सगळे विसरून जातात.

काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, बोटाचं पेर सुजतं. मूल मूठ नीट वळत नाही, पेन्सिल वेगळी धरतं. आपण म्हणतो, "अक्षर बिघडलं!"

असं का होतं?

काट्याचं टोक सांध्यात राहिलं, तर ते आपोआप विरघळत नाही. शरीर त्याला परकं समजून त्याच्याशी लढत राहतं. त्यामुळे सांध्याचं अस्तर सुजतं, आत पाणी धरतं. काट्यासोबत जिवाणू आणि बुरशीही आत जाऊ शकतात. गोळ्यांनी सूज उतरते, पण मूळ आतच असल्याने ती परत येऊ शकते. अशा वेळी छोटी शस्त्रक्रिया करून काटा काढावा लागतो.

एक्स-रे चांगला आला म्हणजे काटा नाही, असं समजू नका. एक्स-रेत हाड आणि धातू दिसतात; काटा सहसा दिसत नाही. सोनोग्राफीत तो बऱ्याचदा सापडतो. काट्याची गोष्ट डॉक्टरांना कळली नाही, तर ही सूज संधिवाताची वाटू शकते. म्हणून जुना असला तरी काटा मोडल्याचं आवर्जून सांगा.

काटा मोडल्यावर काय करावं?

• हात साबण-पाण्याने धुवा.
• वरचा काटा स्वच्छ चिमट्याने, शिरला त्याच दिशेने सरळ ओढा. टोक अखंड आलं का, ते पाहा.
• सांध्याजवळचा किंवा खोल काटा सुईने उकरू नका. रुईचा चीक, बिबा लावू नका. "काट्याने काटा काढणे" ही म्हण भाषेच्या तासापुरतीच ठेवा!
• धनुर्वाताची लस राहिली नाही ना, ते तपासा. ५-६, १० आणि १६ वर्षांच्या डोसची नोंद बघा.
• सूज, लाली, ताप असेल किंवा बोट वळत नसेल, तर लगेच दवाखान्यात न्या.

वर्गात काय करता येईल?

परिसर अभ्यासाच्या तासाला काटेरी झाडांची यादी करून घ्या. मग विचारा, "काटा मोडला तर कुणाला सांगाल?" न विचारता बोरं काढायला गेलेलं मूल रागावतील म्हणून गप्प बसतं. "आधी काटा दाखव, रागावणार नाही," एवढा शब्द आपण मुलांना द्या आणि तो पाळा.