तोंडी शब्दाला वारस नसतो

आयटी सर्व्हिसेस कंपनीत नव्यानं लागणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हे सांगतो: तुमचा पगार कंपनी देते, पण तुमची नोकरी प्रोजेक्टवर चालते. हिंजवडीतल्या काचेच्या इमारती बघून बार्शीत किंवा लातुरात घरच्यांना वाटतं, पोरगं मार्गी लागलं. एवढी मोठी कंपनी, तिला काय होणार आहे? कंपनीला काही होत नाही, हे खरंच आहे. पण तिला काही न होताही तुम्हाला पुष्कळ काही होऊ शकतं. अशाच एका कंपनीत मी कामाची पहिली वर्षं काढली. तिथं जे पाहिलं, भोगलं, त्यातून हे लिहितो आहे.

आधी धंदा समजून घ्या. क्लायंट म्हणजे बहुधा अमेरिकेतली किंवा युरोपातली एखादी बँक, विमा कंपनी नाहीतर दुकानांची साखळी. कंपनी तिला बऱ्याचदा माणसागणिक, तासागणिक बिल लावते. ज्याचं बिल लागतं तो ‘बिलेबल’, ज्याचं लागत नाही तो बेंचवर. बिल आणि पगार यांच्यातल्या फरकावर नफा ठरतो, म्हणून खाली भरपूर फ्रेशर आणि वर थोडे अनुभवी, अशी रचना कंपनीला परवडते. दरवर्षी कॉलेजांतून इंजिनिअरांची नवी फौज बाहेर पडते आणि फ्रेशरचं पॅकेज वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतं, ते यामुळेच. हे गणित डोक्यात पक्कं असलं, की मॅनेजरच्या वागण्याचा निम्मा उलगडा आपोआप होतो.

मला ट्रेनिंग जावाचं दिलं आणि काम दिलं एका अमेरिकन बँकेच्या प्रॉडक्शन सपोर्टचं. रात्रीचे बॅच जॉब चालतात की नाही ते पाहायचं, अडकलं तर तिकीट उघडायचं, क्लायंटशी ठरलेली मुदत, म्हणजे एसएलए, चुकायच्या आत बंद करायचं. पी-वन, म्हणजे सगळ्यात तातडीचं तिकीट, आलं की सगळ्यांच्या एकत्र ब्रिज कॉलवर बसायचं. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं पुढंमागं झाली, की आमची शिफ्टही तासानं सरकायची. लीड म्हणाला, “सहा महिने काढ, मग तुला डेव्हलपमेंटला टाकतो.” तो मनापासूनच बोलला होता. पण सहा महिने व्हायच्या आतच तो ऑनसाइट गेला. नव्या लीडला विचारलं, तर म्हणाला, “मला याची काहीच कल्पना नाही.” तोही खोटं बोलत नव्हता.

या कंपन्यांत हेच होतं. शब्द देणारा माणूस दुसऱ्या अकाउंटवर निघून जातो आणि त्याच्या जागी आलेल्यावर तो शब्द पाळायचं बंधन नसतं. म्हणून मॅनेजरशी महत्त्वाचं बोलणं झालं, की त्याच संध्याकाळी दोन ओळींची मेल टाका: ‘आज ठरल्याप्रमाणे अमुक तारखेनंतर मला डेव्हलपमेंटच्या कामावर घेण्याचा विचार होईल, असं मी समजतो. काही वेगळं असल्यास कळवा.’ यात भांडण नाही, उद्धटपणा नाही. नव्या लीडपुढं ठेवायला मात्र काहीतरी हातात राहतं.

अप्रेझललाही हाच धडा. पहिल्या मोठ्या अप्रेझलला मॅनेजर म्हणाला, “तुझं काम चांगलंय रे, पण वरच्या बकेटमध्ये जागा नाही.” बेल कर्व्हचा हा जुना हिशेब आहे: अमुक टक्के माणसं वर, अमुक टक्के खाली. काही कंपन्यांनी ही पद्धत सोडल्याचं जाहीर केलं, तरी बजेटची मर्यादा कुठंच सुटलेली नाही. तुमचं नाव बकेटमध्ये टाकण्याची बैठक तुमच्या माघारी होते. तिथं तुमच्या बाजूनं बोलायला मॅनेजरजवळ काय असतं? तुम्ही वर्षभरात लिहून दिलेलं तेवढंच. कोणता जॉब दुरुस्त केला, कोणतं स्क्रिप्ट लिहून किती हातमेहनत वाचवली, क्लायंटनं कोणत्या मेलमध्ये कौतुक केलं, याची नोंद महिन्याच्या महिन्याला ठेवा. मार्चमध्ये आठवायला बसलात, तर एप्रिल-मेमधलं काही आठवत नाही.

या नोंदीतून आणखी एक गोष्ट कळते. महिनाभराच्या कामातलं बाहेरच्या मुलाखतीत सांगण्यासारखं काय आहे? सलग काही महिने या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर कंपनीत तुमचा अनुभव वाढतोय, बाजारात नाही. क्लायंटच्या घरच्या टूलवर हात कितीही बसला, तरी तो दाराबाहेर चालत नाही. संध्याकाळचा एक तास तरी अशा कामाला द्या, ज्याला दुसऱ्या कंपनीत विचारतात.

मग बेंच. क्लायंटनं बजेट कापलं आणि आमची अर्धी टीम एका शुक्रवारी ‘रिलीज’ झाली. पहिला आठवडा बरा वाटतो. दुसऱ्यापासून आरएमजीचे, म्हणजे माणसं प्रोजेक्टवर लावणाऱ्या विभागाचे, फोन सुरू होतात. ‘प्रोफाइल शेअर केलंय’ हे वाक्य रोज ऐकू येतं. चेन्नईला जाल का, नॉयडाला जाल का, रात्रपाळी चालेल का? घरी आई आजारी असते, बायकोची नोकरी पुण्यात असते, म्हणून तुम्ही नाही म्हणता. ते ‘नाही’ मात्र नोंदलं जातं. कारण नोंदलं जातंच असं नाही. म्हणून नकार द्यायचा झाला, तर कारणासह मेलवर द्या आणि त्याच मेलमध्ये कोणतं काम, कोणत्या ठिकाणी करायला तयार आहात तेही लिहा. बेंचवर किती दिवस ठेवतात, याची पॉलिसी कंपनीच्या पोर्टलवर असते. ती कामावर असतानाच वाचून ठेवा.

यातला सगळ्यात कठीण प्रसंग बंद खोलीत घडतो. एचआर आणि मॅनेजर समोर बसतात, आवाज मऊ असतो: “तूच राजीनामा टाक, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील. नाहीतर टर्मिनेशन लागेल.” माझ्या शेजारच्या क्युबिकलमधल्या मैत्रिणीवर ही वेळ आली आणि तिनं तिथल्या तिथं पोर्टलवर बटण दाबलं. त्या क्षणी कंपनीनं केलेली कपात कागदावर तिची स्वेच्छा झाली. हा फरक पैशाचा आहे. कायद्यात कामगार म्हणून मोडणाऱ्या आणि वर्षभर सलग नोकरी झालेल्या माणसाला कमी करायचं, तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई ठरलेली आहे. स्वेच्छेनं राजीनामा दिला, की तो हक्क उरत नाही. कामगार कोण, हे हुद्द्यावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. ‘सीनिअर कन्सल्टंट’ हे नाव मिरवणारा माणूस दिवसभर कोडच लिहीत असेल, तर वाद मांडायला जागा आहे. खऱ्याखुऱ्या मॅनेजरला मात्र हे संरक्षण मिळत नाही.

अशा खोलीत एवढंच म्हणायचं: “मला हे मेलवर पाठवा, मी विचार करून कळवतो.” सही करायची नाही, बटण दाबायचं नाही. बाहेर पडल्यावर बैठकीत काय बोलणं झालं ते तारीख-वेळेसह स्वतःच मेल करून ठेवायचं. मग कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. पुण्यात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, आणि आयटीतल्या लोकांचे प्रश्न घेऊन कामगार खात्याकडं जाणारी ‘नाइट्स’ ही संघटनाही इथलीच आहे.

आता कागदपत्रांबद्दल. ऑफर लेटरमधला सीटीसी म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, बऱ्याचदा मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी असते, विम्याचा हप्ता असतो आणि कंपनीच्या निकालावर हलणारा व्हेरिएबलही असतो. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. त्याआधी सोडलं, तर तो आकडा कागदावरच राहतो. बाँड असेल, तर रक्कम आणि मुदत नीट वाचा. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ या कॅन्टीनमधल्या सल्ल्यावर विसंबू नका. एका सरकारी बँकेच्या प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याची अट वैध ठरवली आहे. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

सोडताना ९० दिवसांच्या नोटीसचा काच असतो. ती खरेदी करता येईल का, हे नव्या कंपनीला आधीच विचारा. शेवटच्या दिवसाच्या आत सगळ्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, अप्रेझलची पत्रं स्वतःजवळ घ्या, कारण लॅपटॉप दिला की पोर्टल बंद होतं. मात्र क्लायंटचा कोड, डेटा, डॉक्युमेंटं यांना हात लावू नका. एक फाइल खासगी मेलवर पाठवली, तरी नोकरी जाते आणि पुढचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनही अडकतं. पीएफ काढू नका, ट्रान्स्फर करा. सलग पाच वर्षांच्या आत काढला, तर सहसा त्यावर कर लागतो. पीएफच्या यूएएन क्रमांकावर नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे ना, ते तपासा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, म्हणून आईवडिलांसाठी स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पीरिअड असू शकतो, आणि तो सरायला सुरुवात पॉलिसी घेतल्यावरच होते.

या कंपन्या वाईट आहेत, असं माझं म्हणणं नाही. माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलाला त्यांनी शिकवलं, इंग्रजीत बोलायची भीड मोडली, वडिलांच्या बायपासचा खर्च उचलला. पण त्यांच्या प्रेमात पडायचं कारण नाही. त्या हिशेबानं चालतात, तुम्हीही हिशेबानं चाला. आज घरी गेलात की आपलं ऑफर लेटर काढा, न कळलेल्या प्रत्येक कलमाखाली रेघ मारा आणि त्याचा अर्थ एचआरला मेल करून विचारा. उत्तर फोनवर आलं, तर नम्रपणे सांगा: हेच मेलवर लिहून द्या.