पाचवे शील आणि विद्यापीठातील आपली मुले

आपल्या वसतिशाळेत पंचशील ग्रहण करीत वाढलेला विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी पुणे, मुंबई वा नागपूरला जातो, तेव्हा त्याच्या पाचव्या शीलाची खरी परीक्षा सुरू होते. शाळेत मोहच नव्हता. तेथे मात्र वाढदिवस, निकाल, निरोप समारंभ अशा प्रत्येक प्रसंगी ग्लास पुढे येतो आणि नकार देणारा मागासलेला ठरतो. या परीक्षेचा विचार आपण सर्वांनी केला पाहिजे.

पाचव्या शीलात मद्याला प्रमादस्थान म्हटले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. सावधपणा सुटला की उरलेली चार शीलेही धोक्यात येतात. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी एका गृहस्थ तरुणाला मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत: धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेची दुर्बलता. विद्यार्थ्यासाठी यांतील सहावा सर्वांत घातक होय.

आजचे शरीरशास्त्रही याला दुजोरा देते. मेंदूची वाढ साधारणतः पंचविशीपर्यंत चालू असते. संयम आणि विवेक सांभाळणारा त्याचा पुढचा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. दिवसभर वाचलेले रात्रीच्या झोपेत स्मृतीत पक्के होते. मद्याने डोळा लवकर लागतो, पण झोप खंडित होते. थोड्या वेळात पुष्कळ पिणाऱ्याला त्या तासांची आठवणच राहत नाही. ज्या स्मृतीच्या बळावर पदवी मिळवायची, तिच्यावरच हा घाला असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा समाविष्ट केली. शिक्षण आणि शील यांची त्यांनी कधीच फारकत केली नाही. ज्या घरातून पहिलाच मुलगा वा मुलगी विद्यापीठात पोहोचते, त्या घराला एक वाया गेलेले वर्षही परवडत नाही. शिष्यवृत्ती थांबते, आई-वडिलांवर कर्ज चढते आणि धाकट्या भावंडांची वाट अडते.

यासाठी आमचे तीन आग्रह आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शहरात नव्याने आलेल्या मुला-मुलींची पहिल्याच महिन्यात भेट घ्यावी. नकार देणारा एकटा नाही, हे त्यांना दिसले पाहिजे. पालकांनी चूक कळताच मुलाला घराबाहेर न काढता त्याच्याशी बोलावे. व्यसन जडले असेल तर तो आजार मानून उपचार घ्यावेत. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे कार्य करीत आहे, आणि 14446 ही राष्ट्रीय साहाय्यवाणीही आहे. मित्र पिऊन बेशुद्ध पडला तर त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि बदनामीच्या भीतीने वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शाळेत पाठ केलेले पाचवे शील परक्या शहरात आपल्या मुलांच्या आचरणात टिकावे, यासाठी त्यांच्या पाठीशी उभे राहणे हे आपल्या धम्मबंधुत्वाचे कर्तव्य आहे.