अर्धवेळ विद्यार्थी, भाड्याचं घर आणि कौन्सिल टॅक्सचं बिल

प्रश्न : माझा मुलगा लेस्टरला एमएससी करतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याचा मित्र राहतात. भाडेकरार दोघांच्या नावावर आहे. मुलगा पूर्णवेळ शिकतो, मित्र नोकरी सांभाळून अर्धवेळ कोर्स करतो. आता कौन्सिल टॅक्सचं बिल आलं आहे. विद्यार्थ्यांना हा कर माफ असतो ना? आणि भरायचाच असेल तर दोघांनी निम्मा-निम्मा भरायचा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. बिल किती यायला हवं, हा पहिला. ते भरायचं कोणी, हा दुसरा. दोन्हींचे नियम वेगळे असल्याने एकेक घेऊ.

आधी कर कशावर बसतो ते पाहू. १९९३पूर्वी तिथे ‘पोल टॅक्स’ होता, म्हणजे डोकी मोजून वसुली. लोक इतके खवळले की सरकारला तो गुंडाळावा लागला आणि १ एप्रिल १९९३पासून कौन्सिल टॅक्स आला. हा कर घरावर बसतो. इंग्लंडमध्ये घराची १ एप्रिल १९९१ रोजीची किंमत धरून ‘ए’ ते ‘एच’ असे आठ गट पाडले आहेत. आपल्या घरपट्टीचाच हा भाऊबंद. फरक इतकाच, की घरपट्टी मालकाच्या नावावर निघते आणि हा कर सहसा घरात राहणाऱ्याच्या.

पूर्ण बिल घरात किमान दोन प्रौढ राहतात असं धरून काढलेलं असतं. मोजताना पूर्णवेळ विद्यार्थ्यांना वगळतात. घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील, तर घराला कर माफ. मोजण्याजोगा एकच प्रौढ उरला, तर २५ टक्के सूट. दोन उरले, की पूर्ण बिल. ‘विद्यार्थ्यांना कर माफ’ हे ऐकीव वाक्य अर्धवटच खरं आहे, ते यामुळे.

आता पूर्णवेळ कोणाला म्हणायचं? पदवी किंवा पदव्युत्तर कोर्ससाठी ढोबळ कसोटी अशी : कोर्स निदान एक वर्षाचा हवा, वर्षातले किमान २४ आठवडे चालणारा हवा आणि त्या काळात आठवड्याला सरासरी २१ तास अभ्यासाची अपेक्षा हवी. कमाईचा इथे संबंध नाही. शनिवार-रविवार दुकानात काम करणारा पूर्णवेळ विद्यार्थी मोजणीतून सुटतो, आणि एक पेनीही न कमावणारा अर्धवेळ विद्यार्थी मोजला जातो. ‘मी घरी रात्र रात्र अभ्यास करतो’ हा युक्तिवादही चालत नाही. कौन्सिल विद्यापीठाचा दाखला बघते.

म्हणजे तुमच्या मुलाच्या घरात मोजण्याजोगा प्रौढ एकच, तो मित्र. समजा पूर्ण बिल वर्षाला १,६०० पौंड असेल, तर सूट धरून ते १,२०० व्हायला हवं. तेवढं कमी झालेलं नसेल, तर कौन्सिलला मुलगा विद्यार्थी असल्याचं कळलेलंच नाही असं समजा. विद्यापीठाकडून दाखला घेऊन तो कौन्सिलकडे पाठवायचा.

उरला दुसरा प्रश्न. करार दोघांच्या नावावर असला, की कराची जबाबदारीही दोघांवर संयुक्तपणे पडते, हा सर्वसाधारण नियम. पण एप्रिल २००४पासून त्यात सुधारणा झाली आहे : बरोबरीच्या हक्काने राहणाऱ्यांपैकी एक पूर्णवेळ विद्यार्थी असेल आणि दुसरा नसेल, तर विद्यार्थ्याला त्या जबाबदारीतून वगळतात. तेव्हा १,२०० पौंड मित्राने भरायचे. मुलाने दोस्तीखात्यात काही वाटा उचलला तर तो त्यांचा आपसातला मामला. कौन्सिल त्याच्याकडे मागू शकत नाही. दोघेही अर्धवेळ असते, तर बिल पूर्ण आलं असतं आणि सगळी रक्कम कोणा एकाकडूनही वसूल करता आली असती.

मात्र करार नीट वाचा. तो एकट्या मुलाच्या नावावर असता आणि मित्र त्याचा पोटभाडेकरू असता, तर फासा उलटा पडला असता. सूट तीच, पण विद्यार्थी असूनही बिल मुलाच्या गळ्यात. कारण घरावरचा वरचढ हक्क त्याचा. आणि मोठ्या घरातल्या खोल्या मालकाने एकेकाला सुट्या भाड्याने दिल्या असतील, तर कौन्सिलच्या लेखी देणेकरी मालक असतो. तो बहुधा ही रक्कम भाड्यात धरतो.

सवलत घेतली तर व्हिसा अडचणीत येईल, अशी धास्ती अनेक घरांत असते. विद्यार्थी म्हणून मिळणारी सूट किंवा माफी ‘सरकारी मदत’ धरली जात नाही, तेव्हा ती बिनधास्त मागावी. कमी उत्पन्नामुळे मिळणारं ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ मात्र त्या मदतीत मोडतं. मित्राच्या व्हिसावर सरकारी मदत घ्यायला मनाई असेल, तर त्याने तो अर्ज करण्याआधी विद्यापीठाच्या सल्लागाराला विचारावं.

वाद असला तरी बिल टेबलावर पडू देऊ नये. वर्षाची रक्कम साधारण दहा हप्त्यांत भरता येते; पण हप्ते चुकवून स्मरणपत्रांकडेही काणाडोळा केला, तर हप्त्यांची सवलत रद्द होते आणि प्रकरण मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जातं.

शेवटी एक तारीख मुलाला आत्ताच लिहून ठेवायला सांगा : कोर्स संपण्याची. त्या दिवसापर्यंत, सुट्ट्या धरून, तो विद्यार्थी. पुढे नोकरी शोधत त्याच घरात राहिला, तर दुसऱ्या दिवसापासून तोही मोजला जाईल. २५ टक्के सूट जाईल आणि पूर्ण बिलाला दोघेही जबाबदार होतील. हा बदल कौन्सिलला २१ दिवसांत कळवायचा असतो. निम्मा-निम्मा वाटा ठरवायची खरी वेळ तेव्हा येईल.